पोच घेऊन या: पुण्यात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण फुटलं होतं. कुणीतरी त्यात झाडाची फांदी खोचली होती आणि फांदीला लाल फडकं बांधलं होतं. पुण्यात थोडे दिवस काढले की ही खूण ओळखू येते: इथं खड्डा आहे, गाडी जपून घ्या. ती फांदी आम्ही दोन महिने येता-जाता बघत होतो. सोसायटीच्या ग्रुपवर तिचे फोटो पडत होते आणि खाली "कुणी बघतंय की नाही" असे मेसेज. एका संध्याकाळी क्लासवरून येणाऱ्या मुलाचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी पालिकेच्या कार्यालयात गेले. टेबलामागच्या बाईंनी रजिस्टर पुढं ओढलं आणि विचारलं, "आधी अर्ज दिलाय का? पोच आहे?"

पोच नव्हती. दीडशे घरांपैकी एकानंही दोन महिन्यांत एक ओळ लिहून दिली नव्हती. मी तिथंच उभ्यानं अर्ज लिहिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. नवव्या दिवशी झाकण बसलं.

मी मूळची परभणी जिल्ह्यातली. २००९ साली नोकरीसाठी पुण्यात आले आणि पुढची काही वर्षं इथं नुसतीच राहिले. भाडं भरायचं, टँकर आला का बघायचं, निवडणुकीला जोडून सुटी मिळाली तर गावी जायचं. शहराचा कारभार हा पेठांमधल्या जुन्या पुणेकरांचा विषय आहे, आपण काय भाड्यानं राहणारी माणसं, असं मनात पक्कं होतं. बीड, जळगाव, सोलापूर, यवतमाळकडून आलेल्या कितीतरी जणांच्या मनात आजही तेच असतं. त्यांनी माझ्यासारखी वर्षं वाया घालवू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

पहिली पायरी: आपण नेमके कुणाच्या हद्दीत राहतो ते शोधा

"पुण्यात राहतो" एवढ्यानं काही कळत नाही. पुणे महानगरपालिका १९५० सालची, पिंपरी-चिंचवडची १९८२ सालची. दोन्ही वेगळ्या, दोघींचे आयुक्त वेगळे, कर वेगळा. कॅम्पात, खडकीत किंवा देहूरोडला घर असेल तर कारभार कँटोन्मेंट बोर्डाकडे, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. शहराच्या कडेला ग्रामपंचायती आहेत आणि त्यांच्या भागात बांधकाम परवानगीसाठी पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, जे २०१५ साली आलं. हिंजवडीत काम करणाऱ्या अनेकांना वाटतं की तो भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेचा. पण तिथल्या रस्त्या-पाण्याच्या प्रश्नात वर्षानुवर्षं ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए या तिघांचे हात गुंतलेले राहिले आहेत.

हद्द बदलतही असते. २०१७ साली अकरा गावं पुणे पालिकेत आली, २०२१ साली आणखी तेवीस. आमचं उपनगर त्या अकरांपैकी एक. एका रात्रीत आमचा सरपंच गेला आणि आयुक्त आले, आणि बराच काळ शेजाऱ्यांपैकी कुणाला नक्की सांगता येईना की कुठं जायचं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं तर पालिकेत येऊन पुन्हा बाहेर पडली. त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

पुणे पालिकेची पंधरा क्षेत्रीय कार्यालयं आहेत. औंध-बाणेर, कोथरूड-बावधन, सिंहगड रोड, धनकवडी-सहकारनगर, हडपसर-मुंढवा, येरवडा-कळस-धानोरी अशी त्यांची नावं आहेत. तुमच्या दारातलं नव्वद टक्के काम या कार्यालयाशी. शिवाजीनगरच्या मनपा भवनात पहिल्याच दिवशी धडकण्यात अर्थ नाही. तिथून तुम्हाला परत क्षेत्रीय कार्यालयातच पाठवतील.

मग विधानसभा आणि लोकसभा. इथं भलेभले चुकतात. हडपसरचे मतदार लोकसभेला शिरूर मतदारसंघात मत देतात आणि खडकवासल्याचे बारामतीत. सिंहगड रोडला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला पुण्याच्या उमेदवारांची तोंडपाठ माहिती होती; मतदानाच्या आदल्या दिवशी तिला कळलं की त्यातल्या एकाचंही नाव तिच्या यंत्रावर असणार नाही.

एका कागदावर लिहून काढा: कुठली पालिका, कुठलं क्षेत्रीय कार्यालय, प्रभाग क्रमांक, विधानसभा, लोकसभा, पोलीस ठाणं. त्याखाली अजून एक ओळ लिहा, कारण दारातली प्रत्येक गोष्ट पालिकेची नसते. वीज महावितरणची. बस पीएमपीएमएलची. कात्रज-देहूरोड बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतलं पाणी जलसंपदा खात्याच्या ताब्यात आणि नळापर्यंतचं पालिकेच्या. आमच्या घरी हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, आणि तो बघायला शेजारचेही येतात.

दुसरी पायरी: मतदार यादीत नाव, आणि तेही इथल्या

हे सगळ्यात अवघड, कारण यात मन अडकतं. गावच्या यादीतून नाव काढणं म्हणजे गावाशी नातं तोडणं असं वाटतं. माझ्या वडिलांना मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पण कायदा सरळ आहे: माणूस जिथं राहतो तिथंच त्याचं नाव असावं, आणि एकाच ठिकाणी असावं. दोन यादीत नाव ठेवायला मनाई आहे आणि अर्जात खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे. आणि पाणी इथलं पिता, रस्ता इथला वापरता, मुलांची शाळा इथं. मग इथं कोण निवडून येतं यावर तुमचं म्हणणं इथंच मोजलं जायला हवं. गावावर प्रेम करायला यादीतलं नाव लागत नाही.

पहिल्यांदाच नाव नोंदवत असाल तर नमुना ६ भरा. आधीच कुठंतरी नाव असेल आणि पत्ता बदलला असेल तर नमुना ८. यात जुन्या ठिकाणचं नाव वगळण्याची सोय होते, दुसरा अर्ज लागत नाही. पुष्कळ जण चुकून पुन्हा नमुना ६ भरतात आणि दुबार नावाच्या भानगडीत सापडतात. अर्ज निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर भरता येतो, बीएलओकडे, म्हणजे आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, कागदावरही देता येतो. भाडेकरू असाल तर नोंदणीकृत भाडेकरार चालतो, तुमच्या नावचं गॅस किंवा विजेचं बिल चालतं, बँकेचं पासबुक चालतं. होस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना घरचा पत्ता किंवा होस्टेलचा पत्ता यांपैकी एक निवडता येतो. काही अडलं तर १९५० या क्रमांकावर फोन करा.

अठरा वर्षं पूर्ण होण्यासाठी आता फक्त १ जानेवारी धरत नाहीत. १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही तारखा धरल्या जातात. घरात सतरा वर्षांचं पोर असेल तर लक्षात ठेवा.

अर्ज भरल्यावर संदर्भ क्रमांक येतो. तीच तुमची पोच. तो जपून ठेवा आणि पंधरा-वीस दिवसांनी स्थिती बघा. बीएलओ घरी येतात. बहुतेकदा त्या शिक्षिका किंवा अंगणवाडी ताई असतात आणि स्वतःचं काम सांभाळून हे करत असतात. त्यांना पाणी विचारा, कागद हातात तयार ठेवा.

पालिकेच्या निवडणुकीला वेगळी यादी बनत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे फोडली जाते. ही फोड करताना इमारतीच्या इमारती शेजारच्या प्रभागात जातात. म्हणून प्रारूप यादी जाहीर झाली की आपलं नाव त्यात शोधायचं आणि चुकलं असेल तर मुदतीत हरकत द्यायची. मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून नाव यादीत येत नाही.

पालिकेचं मतदानही नव्या माणसाला गोंधळात टाकतं. पुण्यात बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. अ, ब, क, ड अशा चार जागा, म्हणजे चार मतं. एक बटण दाबून निघायचं नसतं. चारही जागांसाठी निवड करायची. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर त्या जागेसमोर 'वरीलपैकी एकही नाही' हा पर्याय असतो. चारही जागांच्या उमेदवारांची शपथपत्रं आधी वाचून ठेवा. मालमत्ता, शिक्षण, गुन्हे, सगळं त्यात लिहिलेलं असतं. एका उमेदवाराला दहा मिनिटं पुरतात.

पदवीधर असाल तर अजून एक यादी आहे, आणि ती बहुतेकांना माहीतच नसते. विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर हे जिल्हे येतात. पदवी मिळून तीन वर्षं झालेल्या, इथं राहणाऱ्या माणसाला नमुना १८ भरून नाव नोंदवता येतं. ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्यानं बनते, आधीचं नाव पुढं चालत नाही.

मताच्या बदल्यात पैसे देणं जसा गुन्हा आहे तसं घेणंही. पुण्यात ते पैसे नोटांच्या रूपातच येतील असं नाही. सोसायटीला रंग, सीसीटीव्ही, जिन्यात नवी फरशी अशा रूपातही येतात आणि सभासद टाळ्या वाजवतात. आमच्या सोसायटीच्या सभेत हा विषय आला तेव्हा मी आणि तळमजल्यावरच्या जोशीकाकू अशा दोघीच विरोधात होतो. दोघींचा विरोध इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला. तुम्हीही तेवढं करा.

तिसरी पायरी: नगरसेवक कशासाठी असतो

१८७६ ते १८८२ या काळात महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला पैसे खर्च करायचा ठराव आला तेव्हा फुल्यांनी त्याला विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. सदस्याचं काम काय, ते या एका प्रसंगातून कळतं: लोकांचा पैसा कुठं जातो ते बघायचं आणि चुकीच्या जागी जात असेल तर सभागृहात उठून बोलायचं.

आजच्या पालिकेत १६५ नगरसेवक आहेत, ४१ प्रभागांतून निवडलेले. त्यांची मुख्य सभा असते. पैशाचे बहुतेक विषय सोळा सदस्यांच्या स्थायी समितीसमोर येतात. अंमलबजावणी आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत पुण्याला नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. जवळपास चार वर्षांचं अंदाजपत्रक निवडून आलेल्या एकाही माणसाच्या मताशिवाय झालं. त्या काळात ज्यांनी लिहून विचारलं, तेवढ्यांचंच म्हणणं कागदावर राहिलं.

नगरसेवकाला भेटायला जाल तेव्हा बाकडं मागू नका. पुण्यात चौकाचौकात बाकडी आहेत, त्यांच्या पाठीवर नाव आहे, "यांच्या संकल्पनेतून" असं लिहिलेलं आहे, आणि बहुतेकदा पैसा तुमच्या-माझ्या करातला आहे. अंदाजपत्रकात प्रभागातल्या छोट्या कामांची एक यादी असते, तिला पालिकेत 'स' यादी म्हणतात. नगरसेवकाला विचारा: आपल्या प्रभागासाठी 'स' यादीत काय टाकलंय? त्यातलं काय झालं? कुठल्या कामाचा पैसा वर्गीकरण करून दुसरीकडं वळवला? मुख्य सभेत तुम्ही यंदा कोणते लेखी प्रश्न विचारले? पहिल्यांदा विचारलं की समोरचा माणूस जरा दचकतो. तिसऱ्यांदा जाल तेव्हा तो उत्तर तयार ठेवतो.

आणि एक, फार महत्त्वाचं. पालिकेतल्या निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. तुमची नगरसेविका असेल तर फोन तिलाच करा, तिच्या नवऱ्याला किंवा दिराला नको. पत्रावर तिचं नाव लिहा. सभेला ती आली नाही आणि तिच्या जागी घरातला पुरुष येऊन बसला तर "ताई कधी भेटतील?" एवढंच विचारून उठा. आरक्षण कायद्यानं दिलं. त्या खुर्चीवर तिला बसवणं आपल्या वागण्यावर आहे.

चौथी पायरी: तक्रार लिहायची कशी

दिवा बंद, कचरा पडून, पाण्याची गळती अशा रोजच्या गोष्टींसाठी पालिकेचं 'पीएमसी केअर' हे अ‍ॅप आहे आणि १८०० १०३० २२२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तक्रार क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. काम न होताच "तक्रार निकाली" असा मेसेज आला तर त्याच दिवशीचा फोटो काढून पुन्हा उघडा. दुसऱ्यांदाही तसंच झालं, किंवा प्रश्न जिवाशी खेळणारा असेल, तर कागद करायचा. कागद असा असावा:

*प्रति,*
*मा. सहाय्यक आयुक्त, (तुमचं) क्षेत्रीय कार्यालय, पुणे महानगरपालिका.*
*विषय: ड्रेनेज चेंबरचे तुटलेले झाकण बदलण्याबाबत.*
*महोदय/महोदया,*
*(सोसायटीचे नाव) समोर, विद्युत खांब क्र. (—) लगत असलेल्या चेंबरचे झाकण दि. (—) पासून तुटलेले आहे. दि. (—) रोजी एक शाळकरी मुलगा त्यात पडून जखमी झाला. फोटो सोबत जोडले आहेत. सदर झाकण तातडीने बदलावे व केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी कळवावी, ही विनंती.*
*आपला/आपली विश्वासू,*
*(नाव, पत्ता, सही)*

एवढंच. शहराच्या अधोगतीवर परिच्छेद लिहू नका, आधीचे दहा विषय त्यात कोंबू नका. एक अर्ज, एक विषय. खांबाचा क्रमांक मात्र आवर्जून लिहा. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर तो रंगवलेला असतो, आणि "मारुती मंदिराजवळ" यापेक्षा तो दहा पटीनं उपयोगी पडतो, कारण पुण्यात मारुती मंदिरं किती आहेत ते तुम्ही बघालच.

दोन प्रती काढा. एक आवक-जावक टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, साहेबांना देतो" असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा, "पोच दिलीत की निघते." आवाज चढवायचा नाही. टेबलामागचा माणूस बहुतेकदा वाईट नसतो. त्याच्याकडं दिवसाला पन्नास माणसं येतात आणि त्यातली चाळीस ओरडतात. मी एकदा ओरडले होते आणि त्याचा परिणाम एवढाच झाला की माझा अर्ज ढिगात सगळ्यात खाली गेला.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर स्मरणपत्र. त्यावर मूळ अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख. मग परिमंडळाचे (काही क्षेत्रीय कार्यालयं मिळून एक परिमंडळ) उपायुक्त, मग आयुक्त. प्रत्येक वेळी आधीच्या पोचेची झेरॉक्स जोडायची. वरचा अधिकारी खालच्याला फोन लावतो तो ती शिक्क्याची तारीख बघून.

दाखले आणि परवान्यांसाठी वाट निराळी आहे. जन्म-मृत्यू दाखला, विवाह नोंदणी, मालमत्तेच्या हस्तांतराची नोंद अशा अधिसूचित सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे. प्रत्येक सेवेला दिवस ठरलेले आहेत आणि कार्यालयात तसा फलक लावायचा आहे: सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी, अपिलाचे अधिकारी. मुदत उलटली तर तिथंच पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्य लोकसेवा हक्क आयोग. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. एजंटाला पैसे देण्याआधी तो फलक वाचा.

पाचवी पायरी: माहितीचा अधिकार

देशाचा कायदा २००५ सालचा, पण महाराष्ट्रानं त्याआधीच, २००२ साली स्वतःचा केला होता. अर्ज साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील. तेही नाही फळलं तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, ज्याचं खंडपीठ पुण्यातच आहे.

नवशिक्यांचे अर्ज पडतात ते प्रश्नाच्या घडणीमुळं. "आमचा रस्ता इतका वाईट का आहे?" याला माहिती म्हणत नाहीत, त्यामुळं उत्तरही मिळत नाही. कागद मागा. मी आमच्या रस्त्याबद्दल मागितलं ते असं: शेवटच्या डांबरीकरणाच्या कार्यादेशाची प्रत, त्या कामाच्या मोजमाप पुस्तकातल्या संबंधित पानांच्या प्रती, दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख.

तिसरा मुद्दा हुकमी. रस्ता केल्यावर ठरावीक काळ त्याची दुरुस्ती ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं करायची असते. आमच्या रस्त्याचा तो काळ संपायला पाच महिने शिल्लक होते आणि खड्डे मात्र पालिकेच्या पैशानं बुजवले जात होते. तो कागद जोडून अर्ज दिला. पावसाळ्याआधी ठेकेदाराचा रोलर गल्लीत आला. प्रतींचे पानामागे दोन रुपये धरून माझा सगळा खर्च शंभराच्या आत होता.

नुसत्या प्रतीच मागता येतात असं नाही. फाइल समोर बसून बघता येते, टिपणं काढता येतात, कामाची प्रत्यक्ष पाहणीही मागता येते. हे हत्यार मात्र जपून वापरा. कुणाला धमकवायला, कुणाची खासगी माहिती काढायला अर्ज करणाऱ्यांमुळं खरं विचारणाऱ्यांकडंही संशयानं बघतात.

सहावी पायरी: ठरायच्या आधी बोला

तक्रार ही झाल्यानंतरची गोष्ट. त्याआधी बोलायच्या तीन जागा आहेत, आणि त्या तारखांनी बांधलेल्या आहेत.

एक म्हणजे अंदाजपत्रक. पुणे पालिकेनं २००६-०७ पासून नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली. दर वर्षी अर्ज निघतात, क्षेत्रीय कार्यालयात मिळतात: पदपथ दुरुस्त करा, बसथांब्यावर निवारा करा, उद्यानात दिवे लावा अशी छोटी कामं सुचवायची. सुचवलेलं सगळं होत नाही. कधी क्षेत्रीय कार्यालयात गळतं, कधी पैसा लागतो आणि खर्च होत नाही. तरीही द्यायचं, आणि मार्चमध्ये अंदाजपत्रक छापून आलं की आपलं काम त्यात आहे का ते शोधायचं. त्यासाठी, पुन्हा, पोच.

दुसरी म्हणजे शहराचा विकास आराखडा. कुठल्या जागेवर शाळा, कुठं बाग, कुठला रस्ता किती रुंद हे त्यात ठरतं. आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. २०१३ साली जुन्या हद्दीच्या आराखड्यावर पुणेकरांनी सुमारे ८७ हजार हरकती-सूचना दिल्या होत्या. फ्लॅट घ्यायच्या आधी आजूबाजूचा आराखडा जरूर बघा. बिल्डरच्या पत्रकातली हिरवळ त्यात काय म्हणून दाखवली आहे ते कळेल.

तिसरी झाडं. शहरातलं झाड तोडायचं तर नोटीस लावावी लागते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. सात दिवस म्हणजे नोटीस दिसली त्याच दिवशी लिहायला बसायचं. झाडाची जात, घेर, त्याच्यावर घरटी आहेत का, पर्याय काय, एवढं लिहा. वेताळ टेकडीतून जाणारा रस्ता असो की मुळा-मुठेच्या काठचं काम, पुण्यात जिथं लोक बोलले तिथं निदान कागदपत्रं उघड झाली आणि वाद समोरासमोर झाला.

एकट्यानं अर्ज देणं आणि पन्नास सह्यांनी देणं यात फरक पडतो, आणि हे पुण्याला जुनं ठाऊक आहे. १८७० साली गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी पुढाकार घेऊन पुण्यात सार्वजनिक सभा उभी केली. सभासद व्हायचं तर किमान पन्नास लोकांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. मतदानाचा हक्क नसलेल्या काळात त्यांनी लोकांच्या वतीनं बोलण्याची ही रीत शोधली. आज सोसायटीत, वस्तीत, गणेश मंडळात पन्नास सह्या एका संध्याकाळी होतात. दार वाजवायला मात्र लागतं.

आपल्या बाजूचं

संविधानाच्या ५१ अ कलमात नागरिकांची कर्तव्यं आहेत. १९७६ साली ती घातली गेली. वाचून काढा, एक पान आहे. रोजच्या जगण्यात ती छोट्या गोष्टींतून पाळायची असतात.

मिळकत कर वेळेवर भरा. थकला तर दरमहा दोन टक्के चढतात. स्वतःच्या घरात स्वतः राहत असाल तर पुणे पालिकेत चाळीस टक्के सवलत आहे, पण नवीन घेतलेल्या घराला त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. नवे फ्लॅटवाले तो भरायला विसरतात आणि वर्षानुवर्षं जादा कर भरत राहतात.

कचरा वेगळा करा. पुण्यात कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, 'स्वच्छ'. २००८ पासून पालिकेशी करार करून त्या दारोदार कचरा गोळा करतात. आमच्याकडं येणाऱ्या मावशी सकाळी साडेसातला येतात आणि आमच्या बादलीत हात घालतात. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची रीत आहे, म्हणजे ते न उघडता बाजूला टाकता येतात. घरात लाल पेन ठेवा. महिन्याचं शुल्क मागायला लावू नका, आणि मावशींचं नाव माहीत करून घ्या.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावर नांदेडहून आलेला एक मुलगा राहायला आला. गल्लीतले तीन दिवे बंद होते आणि तो रात्रपाळी करून अंधारातून यायचा. एक दिवस दारात उभा राहून म्हणाला, "ताई, हे कुणाला सांगायचं?" मी कपाटाच्या आतला कागद दाखवला. तो खाली जाऊन तिन्ही खांबांचे क्रमांक उतरवून आला. अर्ज त्यानंच लिहिला, अक्षर सुंदर होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर कार्यालयात गेले, पण मागं बाकावर बसून राहिले. टेबलावरच्या गृहस्थांनी कागद घेतला, वाचला आणि बाजूला ठेवला. मुलगा हलला नाही. दुसरी प्रत पुढं करून म्हणाला, "सर, पोच." शिक्का बसला, आवक क्रमांक पडला. त्यानं तिथंच फोटो काढला आणि बसमध्ये बसल्यावर सगळ्यात आधी तो नांदेडला आईला पाठवला.